नाव कुणाची, नाव कुणाचं?



आपल्या भाषेत ‘नाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पाण्यावर चालते ती, आणि दुसरं बारशाला मिळतं ते. आज मी दोन्हींबद्दल बोलणार आहे.

मोठ्या सफरींच्या गोष्टी आपण शाळेत ऐकल्या. त्यातून लक्षात काय राहिलं? एकेक नाव. कोलंबस, मॅगेलन, चंद्रावर गेलेला आर्मस्ट्राँग. पण संकट आलं तेव्हा माणसं जिवंत परत कुणामुळे आली, हे शोधायला गेलं की भलतीच माणसं समोर येतात. कुणी सुतार, कुणी बिनतारी यंत्र सांभाळणारा, कुणी गणितं करणारी मुलगी. त्यांच्या तीन गोष्टी सांगते. पहिली समुद्रावरची, दुसरी आकाशातली, तिसरी अंतराळातली. आणि शेवटी परत आपल्या किनाऱ्यावर येऊ.

साल १९१४. अर्नेस्ट शॅकल्टन नावाचा एक दर्यावर्दी दक्षिण ध्रुवाकडे मोहीम न्यायच्या तयारीत होता. त्याच्याकडे अर्जांचा ढीग आला होता. त्यात तीन मुलींचंही पत्र होतं. आम्ही धट्ट्याकट्ट्या आहोत, कष्टांना भीत नाही, बायकांचे कपडे अडचणीचे वाटत असतील तर पुरुषांचे घालू, अशा अर्थाचं. शॅकल्टनने उत्तर पाठवलं, की मोहिमेत स्त्रियांसाठी जागा नाही. हे पत्र लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी लागणार आहे.

त्याचं जहाज ‘एन्ड्युरन्स’ दक्षिणेच्या बर्फात अडकलं, चिरडलं गेलं आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडालं. २८ माणसं आधी बर्फावर आणि मग तीन लहान होड्यांमधून कशीबशी एलिफंट बेटावर पोहोचली. तिथे माणूस नाही, झाड नाही. मदत आणायची तर सुमारे १,३०० किलोमीटर दूर साउथ जॉर्जिया बेट गाठायचं, तेही जगातल्या सर्वांत खवळलेल्या समुद्रातून. जवळ होती ती जेमतेम सात मीटर लांबीची उघडी होडी.

तिथे कामी आला हॅरी मॅकनिश, जहाजावरचा सुतार. त्याने होडीच्या कडा उंच केल्या. खोक्यांची झाकणं आणि बर्फगाडीच्या पट्ट्या जोडून वर सांगाडा केला आणि त्यावर शिडाचं कापड ताणून बसवलं. ते कापड थंडीने लाकडासारखं कडक झालं होतं. ते चुलीच्या उबेवर मऊ करून शिवावं लागलं. फळ्यांच्या सांध्यांत त्याने दिव्याच्या वाती कोंबल्या आणि वरून चित्रकाराच्या तैलरंगांचा आणि सीलच्या रक्ताचा लेप दिला. घरात जे आहे त्यात भागवायचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मॅकनिशने जे आहे त्यातून समुद्र ओलांडणारी होडी उभी केली.

२४ एप्रिल १९१६ ला सहा जण निघाले. शॅकल्टन, मॅकनिश आणि आणखी चौघे. त्यांतला फ्रँक वर्स्ली सूर्याच्या उंचीवरून दिशा काढायचा. पण आभाळ एवढं भरलेलं, की सगळ्या प्रवासात सूर्य त्याला मोजून चार वेळा नीट सापडला. १० मे रोजी होडी साउथ जॉर्जियाला लागली. ३० ऑगस्टला एलिफंट बेटावरचे बावीसही जण सुटले. एन्ड्युरन्सवरच्या २८ जणांपैकी एकही दगावला नाही.

पुढे मोहिमेतल्या लोकांना ध्रुवपदक मिळालं. मॅकनिशला मिळालं नाही. बर्फावर असताना त्याने एकदा हुकूम मानायला नकार दिला होता, कप्तानाशी वाद घातला होता. ती चूक होती, असं म्हणू आपण. पण ज्या होडीने सगळ्यांना तारलं ती त्याच्या हातची होती आणि पदकाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. १९३० मध्ये न्यूझीलंडमध्ये तो गरिबीतच गेला.

आता आकाशात जाऊ. चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ हा ऑस्ट्रेलियाचा गाजलेला वैमानिक. १५ मे १९३५ रोजी तो टपाल घेऊन सिडनीहून न्यूझीलंडकडे निघाला. विमानाला तीन इंजिनं होती. सोबत दोघे होते. पी. जी. टेलर दिशादर्शक आणि जॉन स्टॅनेज बिनतारी यंत्रावर. समुद्रावर असताना मधल्या इंजिनाचा धूर सोडणारा नळ तुटला आणि त्याचा तुकडा उजव्या पंख्यावर आदळला. उजवं इंजिन बंद झालं. विमान परत फिरवलं, तर थोड्या वेळाने डाव्या इंजिनातलं तेल संपत आलं. तेल नाही म्हणजे इंजिन जळणार आणि विमान समुद्रात पडणार.

तेव्हा टेलर विमानाच्या बाहेर पडला. हो, उडत्या विमानाच्या बाहेर! पंखाखालच्या दांडीवर पाय टेकत तो बंद इंजिनापर्यंत गेला. त्याने त्यातलं तेल थर्मासात काढलं, परत आला आणि स्टॅनेजने धरलेल्या चामडी बॅगेत ओतलं. मग तेच तेल घेऊन दुसऱ्या बाजूला गेला आणि चालू इंजिनात भरलं. तो तेल ओतेपर्यंत किंग्सफर्ड स्मिथने त्या इंजिनाचा वेग कमी करून विमान सांभाळायचं, म्हणजे वाऱ्याचा मारा कमी होईल. विमान खाली खाली येऊ लागलं की पुन्हा वेग वाढवायचा. असं एकदा नाही, कितीतरी वेळा केलं. वजन कमी करायला टपालाच्या थैल्या समुद्रात टाकाव्या लागल्या, पण तिघे सुखरूप सिडनीला पोहोचले. टेलरला शौर्यपदक मिळालं. तरीही मी विचारते, एकाने बाहेर जायचं, दुसऱ्याने बॅग धरायची, तिसऱ्याने विमान हवेत ठेवायचं. यातलं कुणाचं काम वगळून चाललं असतं?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या अलाहाबादहून सिंगापूरला जाताना किंग्सफर्ड स्मिथ विमानासकट नाहीसा झाला. जगभर त्याच्यासाठी हळहळ झाली. त्याच्याबरोबर टॉमी पेथीब्रिज नावाचा सोबती गेला होता. त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट अंतराळातली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ हे यान चंद्राकडे निघालं. आत तिघे होते, जिम लोव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेज. पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लाख किलोमीटरवर प्राणवायूची टाकी फुटली. मुख्य यानातली वीज आणि हवा दोन्ही संपत चालली. तेव्हा चंद्रावर उतरायचं छोटं यान त्यांनी जीवनौका म्हणून वापरलं. ते होतं दोन माणसांना दोन दिवस पुरेल असं. त्यात तिघांनी चार दिवस काढायचे होते. पाणी माणशी दिवसाला साधारण पेलाभर. थंडी फ्रिजमध्ये असते तेवढी.

त्यात आणखी एक संकट आलं. श्वासातून निघणारी दूषित हवा साठू लागली. ती शुद्ध करणारे मोठ्या यानातले डबे चौकोनी आणि छोट्या यानातली जागा गोल! मग जमिनीवरच्या तंत्रज्ञांनी, यानात जे जे आहे तेवढंच समोर ठेवून, जोडणी शोधली. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळ्या आणि चिकटपट्टी. एकेक पायरी रेडिओवरून वाचून दाखवली आणि वर तिघांनी तसं जुळवलं. हवा शुद्ध झाली. केन मॅटिंग्ली या अंतराळवीराला जर्मन गोवराच्या संशयावरून ऐन वेळी वगळलं होतं. तो आजार त्याला झालाच नाही. पण गारठलेलं मुख्य यान थोड्या विजेत परत कसं सुरू करायचं, यासाठी तो जमिनीवर राबला. १७ एप्रिलला यान प्रशांत महासागरात उतरलं.

पृथ्वीवर परतायचा मार्ग काढणाऱ्या गणितावर पॉपी नॉर्थकट ही तरुण स्त्री काम करत होती. कंपनीत ती लागली तेव्हा तिच्या पदाचं नावच ‘कॉम्प्युट्रेस’ होतं, म्हणजे आकडेमोड करणारी बाई. आजूबाजूला सगळे पुरुष. पुढे ती वकील झाली आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढली.

आता ते १९१४ चं पत्र आठवा. स्त्रियांसाठी जागा नाही, असं उत्तर गेलं होतं ना? १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ नावाची शिडाची नौका निघाली. लांबी ५५ फूट. तीवर नौदलाच्या सहा अधिकारी होत्या, सगळ्या स्त्रिया. कप्तान वर्तिका जोशी, आणि प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, पायल गुप्ता, बी. ऐश्वर्या, एस. विजया देवी. ज्या दक्षिण महासागरात शॅकल्टनची माणसं अडकली होती, त्याच महासागरातून जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, म्हणून मॉरिशसला थांबावं लागलं. २१ मे २०१८ ला, २५४ दिवसांनी, त्या पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतल्या. सुमारे २१,६०० समुद्री मैल! त्याच नौकेतून ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच पृथ्वीला फेरी घातली.

त्या सहा जणींना शिडाची नौका हाताळायला शिकवलं दिलीप दोंदे यांनी. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. आणि नौका बांधली गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. मॅकनिशच्या जातकुळीचं काम ते. या खेपेला बांधणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं. पण त्या कारखान्यात हातोडी आणि कानस चालवणारे आणखी किती हात असतील!

मैत्रिणींनो, धाडस म्हणजे छाती पुढे काढून उभं राहणं, असं आपण समजतो. या गोष्टींत धाडस दिसतं ते शिवताना, ओतताना, जोडताना, आकडे तपासताना. ही कामं आपल्या ओळखीची आहेत. म्हणूनच बहुधा ती मोजली जात नाहीत.

तेव्हा एक विनंती. आपल्या बचत गटाच्या वहीत वर्षाचा अहवाल लिहिताना अध्यक्ष आणि सचिव यांच्यापाशी थांबू नका. पुरात धान्याची पोती माळ्यावर कुणी चढवली, रात्री दवाखान्यात सोबत कोण गेली, तेही नावानिशी लिहा. नाव पार लागली, तर वल्ही मारणाऱ्यांची नावं वहीत असू देत.