परत गेलेल्या रुग्णाची नोंद

नागपूरची गांधीबाग म्हणजे कापडाचा घाऊक बाजार. तिथून थोड्याच अंतरावर जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. मिल आणि बाजार, दोन्ही कापडावर जगणारे. पण सरकारी आरोग्यविमा दोघांच्या वाट्याला एका वेळी आला नाही.

नागपुरात राज्य कामगार विमा योजना १९५४ साली आली. शहर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. १९४८ चा मूळ कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता होता. गिरणीचा कामगार त्यात बसला. चार माणसांच्या पेढीवरचा गुमास्ता आणि हातगाडीवाला हमाल बाहेर राहिले.

या योजनेत पैसा मालक-कामगारांच्या वर्गणीचा आणि उपचारांची जबाबदारी राज्य सरकारची. मुंबईत मात्र खासगी डॉक्टरही पॅनेलवर घेतले गेले. नाव नोंदवलेल्या प्रत्येक कामगारामागे त्यांना वर्षाला ठरावीक रक्कम मिळे. रुग्ण आला काय, न आला काय, रक्कम तीच. अशा करारात डॉक्टर रुग्णाला टाळत तर नाही ना, हे पाहणे सरकारचे मुख्य काम ठरते.

पुढे कराराची तऱ्हा उलटली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये नागपूरसह राज्यभर पोहोचली. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर आता हमाल आणि गुमास्ताही पात्र ठरले. पहिल्या टप्प्यात सरकार नॅशनल इन्शुरन्स कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता देत असे. रुग्णालयाला प्रत्येक उपचाराचे ठरलेले पॅकेज मिळे. उपचार केला तरच पैसे. त्यामुळे देखरेखीचा सगळा रोख न केलेल्या उपचाराचे बिल पकडण्याकडे वळला: पूर्वमंजुरी, तपासण्यांचे अहवाल, छायाचित्रे, मग दाव्याची छाननी.

ही छाननी अनाठायी नाही. आयुष्मान भारत योजनेवरील महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात देशभरातले ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले.

पण लेखापरीक्षण होते ते कागदाचे. खिडकीवरून ‘बेड नाही’ किंवा ‘ही योजना आमच्याकडे चालत नाही’ असे ऐकून जो परत जातो, त्याचा दावाच तयार होत नाही. दावा नाही म्हणून फाइल नाही, आणि फाइल नाही म्हणून तपासणीही नाही. विमा कंपनीच्या हिशेबात तर ती बचतच. एखाद्या जिल्ह्यातून दावे कमी आले, तर तिथले लोक निरोगी आहेत की रुग्णालयांची दारे बंद आहेत, हे दाव्यांच्या आकड्यांवरून कळत नाही. माणशी रक्कम असो वा पॅकेज, दोन्ही करारांतली ही फट सारखीच आहे.

२०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आता ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली असून संरक्षण पाच लाखांचे आहे. व्याप वाढला, तसा या फटीतून निसटणाऱ्यांचा प्रश्नही मोठा झाला.

उपाय फार खर्चाचा नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतोच. शिधापत्रिका घेऊन आलेल्या प्रत्येकाची नोंद त्याने करावी, परत पाठवल्यास तारखेसह लेखी कारण रुग्णाच्या हाती द्यावे, आणि अशा नोंदींची रुग्णालयवार संख्या दरमहा जाहीर व्हावी. करारात ही अट असेल तरच कराराचे नूतनीकरण करताना सरकारला विचारता येईल: किती जणांवर उपचार केले हे कळले, किती जणांना परत पाठवले?