खरेदीची साक्ष

मराठी चरित्रवाङ्मयात पिस्तुलातून गोळी सुटते त्या क्षणाचे वर्णन विपुल आहे. ते पिस्तूल कोणी निवडले, कोणत्या वाटेने आले, हेच का घेतले आणि दुसरे का नाही, याविषयी मात्र चरित्रकार सहसा दोन ओळींत आटोपते घेतात. शस्त्र घ्यावे की न घ्यावे हा निर्णय शस्त्र चालवण्याच्या आधीचा, आणि म्हणून नैतिकदृष्ट्या अधिक मोलाचा. तो आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ अदृश्य का राहिला, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

निमित्त वऱ्हाडातले आहे. अमरावती-अकोल्याकडे ज्या घरांत शस्त्रपरवाना आहे, तेथे जुने .३२ बोअरचे विलायती पिस्तूल विकत घ्यावे का, असा प्रश्न आजही पडतो. वेब्ली, कोल्ट, ब्राउनिंग ही नावे आदराने घेतली जातात. खाजगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाल्यामुळे ही पिस्तुले एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. त्यांचा भाव त्यांच्या गुणांपेक्षा दुर्मीळपणावर ठरतो. सरकारी कारखान्यांतले .३२ पिस्तूल उपलब्ध असूनही मन जुन्याकडेच ओढ घेते. ही ओढ केवळ यंत्राची नाही, स्मृतीची आहे. म्हणून ती तपासून पाहिली पाहिजे.

.३२ म्हणजे ७.६५ मिलिमीटर. अमेरिकन शस्त्रकार जॉन ब्राउनिंग यांनी बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्धस्वयंचलित पिस्तूल घडवले, त्याच्याबरोबर हे काडतूस जन्माला आले. एक गोळी सुटली की त्याच धक्क्याने मोकळे टरफल बाहेर पडावे आणि पुढची गोळी नळीत यावी, ही त्याची करामत. चपटे व आटोपशीर असल्याने ते कोटाच्या खिशात मावे. लपवून नेण्यास सोपे, म्हणून ते क्रांतिकारकांच्या उपयोगाचे ठरले.

१९०९च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात धाडली. ती आणणारा चतुर्भुज अमीन हा इंडिया हाउसमधला स्वयंपाकी. पिस्तुले त्याच्या पेटीच्या चोरकप्प्यात होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. नाट्यगृहातला तो प्रसंग आपण शेकडो वेळा वाचला आहे. पेटीची हकीकत मात्र जगापुढे आली ती न्यायालयात, आणि सांगणारा होता माफीचा साक्षीदार झालेला अमीन.

हाच आकृतिबंध पुन्हा दिसतो. जानेवारी १९४८मध्ये गांधीजींच्या हत्येच्या कटातील माणसे भरवशाच्या पिस्तुलासाठी वणवण करीत होती. जवळची रिव्हॉल्व्हरे दिल्लीत चालवून पाहिली, तेव्हा ती कामाची नाहीत असे ठरले. अखेर ग्वाल्हेरमध्ये नऊ मिलिमीटरचे इटालियन बेरेटा हाती आले. या शोधाशोधीचा मोठा भाग आपल्याला ठाऊक आहे तो पुण्यातील शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे याच्या साक्षीतून, आणि तोही माफीचा साक्षीदार. नाशिकची आणि दिल्लीची कृत्ये आम्ही एका तागडीत घालीत नाही. परकी सत्तेचा अधिकारी आणि प्रार्थनेला निघालेला निःशस्त्र वृद्ध यांत अंतर आहे. परंतु खरेदीची हकीकत दोन्ही वेळा अशाच माणसाने सांगावी ज्याला कोणी नायक मानीत नाही, हे लक्षणीय आहे. झाडणाऱ्याला चरित्रकार मिळतो, आणणाऱ्याला सरकारी वकील.

वऱ्हाडाची या इतिहासातली जागा निराळी आहे. १८५३च्या तहाने हा प्रांत निजामाने इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२मध्ये तो कायमच्या पट्ट्याने दिला. सार्वभौमत्व नावापुरते निजामाचे आणि अंमल इंग्रजांचा, अशी ही दुहेरी स्थिती होती. १८७८च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवला आणि युरोपियनांना मात्र सवलत ठेवली. हा अपमान त्या पिढीला जिव्हारी लागला होता. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार केली. अहिंसेचे प्रवर्तक गांधीजी यांनीही साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत गणला आहे. १८९७मध्ये अमरावतीला काँग्रेस भरली, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते, आणि त्या वेळी टिळक तुरुंगात होते. त्याच शहरात १९१४मध्ये हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला गेला. लाठी, मल्लखांब, कुस्ती यांना परवाना लागत नव्हता. बंदूक नाकारलेल्या समाजाने शरीरच शस्त्रासारखे घडवावे, हे अमरावतीचे उत्तर आम्हांला पिस्तुलाच्या पेटीइतकेच महत्त्वाचे वाटते. कारण त्यात लपवण्यासारखे काही नव्हते आणि माफीच्या साक्षीदाराला सांगण्यासारखेही काही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९५९च्या शस्त्रकायद्याने वंशभेद काढला, परवाना ठेवला. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी आणि पिस्तूल मागणारा शहरी माणूस यांत कायदा भेद करतो. पहिल्याची गरज कायद्यानेच नोंदवली आहे. दुसऱ्याला ती पटवून द्यावी लागते, अमरावती शहरात पोलीस आयुक्तांना आणि अकोल्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांना. नऊ मिलिमीटर निषिद्ध बोअरमध्ये मोडते, .३२ मोडत नाही. म्हणजे ज्या मापाचे कोल्ट पिस्तूल भगतसिंगांचे म्हणून आज हुसैनीवाला येथील संग्रहालयात ठेवले आहे, तेच माप सामान्य नागरिकाला मोकळे आहे. जुन्या पिस्तुलाभोवतीचे वलय येथूनही येते.

मग घ्यावे काय? रक्षणासाठी म्हणाल, तर साठ-सत्तर वर्षांची स्प्रिंग आणि न मिळणारे सुटे भाग यांच्या भरवशावर जीव टाकणे शहाणपणाचे नाही. शिवाय निवडणुका आल्या की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यांतली एक जागा स्मृतीसाठी खर्च करावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे. स्मृतीसाठी म्हणाल, तर जे पिस्तूल आपण घेणार ते नाशिकचे नाही, लाहोरचेही नाही. कारखान्याने तशी लाखो घडवली. त्यांतली बहुसंख्य कुणा साहेबाच्या टेबलाच्या खणात गंजली. मोल आपण त्या वस्तूचे देत नाही, वाचलेल्या गोष्टीचे देतो.

आमचे मत नको असे आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की घेणाऱ्याने आपले कारण मोकळेपणी लिहून ठेवावे: काय घेतले, केवढ्याला, कशाच्या भीतीने वा कशाच्या हौसेने. जे कारण घरच्या वहीत लिहिताना हात अडखळतो, त्या कारणासाठी शस्त्र घेऊ नये. आणि आमच्या अभ्यासक वाचकांनी पुढचे क्रांतिचरित्र हाती घेतील तेव्हा गोळीच्या पानाआधीची पाने उलटून पाहावीत. तेथे खरेदीची हकीकत नसेल, तर त्या खटल्याची साक्ष वाचावी. माफीचा साक्षीदार आपल्याला प्रिय नसतो. पण निर्णय कसा झाला हे बहुधा तोच सांगतो.