तिसरं चाक कोणाच्या हातात?

दोन चाकांची गाडी थांबली की पाय टेकावा लागतो. तीन चाकांची गाडी थांबली तरी आपली आपण उभी राहते. एवढ्यावरून आपण समजूत करून घेतो, की दोनापेक्षा तीन चाकं जास्त भरवशाची. उभ्या गाडीपुरती ही समजूत खरी आहे. गाडी वळायला लागली की हिशेब बदलतो. या बदललेल्या हिशेबावरून अमेरिका आणि कॅनडातले तीनचाकी मोटारसायकलस्वार २००७ सालापासून वाद घालत आले आहेत. वळणावर गाडी हाताबाहेर जाऊ लागली, तर ती सावरायची कोणी? स्वारानं, की गाडीत बसवलेल्या यंत्रणेनं? या यंत्रणेला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात. आपण तिला सोयीसाठी तोल-नियंत्रण म्हणू.

वाद अलीकडचा असला, तरी तीन चाकं जुनी आहेत. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं, ती तीनचाकीच होती. पुढे एक चाक, मागे दोन. इंग्लंडमध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ साली उलट रचना केली. पुढे दोन, मागे एक. हलक्या तीनचाकीला तिथे मोटारीचा कर न लागता मोटारसायकलीचा लागे. त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या माणसालाही ती परवडू लागली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीनं १९३२ ते १९७३ या काळात ‘सर्व्ही-कार’ नावाची तीनचाकी काढली. पोलिस आणि गॅरेजवाले ती वापरत. तिच्यात बेंझच्या गाडीसारखं पुढे एक चाक होतं.

हा पुढचा-मागचा फरक कशासाठी लक्षात ठेवायचा? घरातली तीन पायांची तिवई आठवा. जमीन कितीही उंचसखल असो, ती डुगडुगत नाही. पण दोन पायांच्या मधल्या कडेवर भार टाका, तिवई लगेच कलंडते. तीनचाकी गाडीचंही तसंच आहे. वळताना गाडीचा भार बाहेरच्या बाजूला जातो. त्याच वेळी ब्रेक दाबला तर तो पुढेही सरकतो. पुढे एकच चाक असेल, तर बाहेरच्या-पुढच्या कोपऱ्यात भार घ्यायला चाकच नसतं. आपल्या ऑटोरिक्षाची रचना नेमकी हीच आहे. म्हणून जाणता रिक्षावाला वळणाच्या आधीच वेग कमी करतो, ऐन वळणात ब्रेक दाबत नाही. पुढे दोन चाकं असली, की ब्रेकच्या वेळचा हा धोका बराच कमी होतो. मात्र वळणात जोरानं वेग वाढवला, तर भार मागच्या एकट्या चाकाकडे जातो आणि तिथे धोका उभा राहतो.

अमेरिकेनं हा धडा फार महाग घेतला. होंडा कंपनीनं १९७० साली फुगीर टायरांची, शेतात-वाळूत पळणारी छोटी तीनचाकी तिथल्या बाजारात आणली. तिचं पाहून इतर कंपन्यांनीही तशा गाड्या काढल्या. गाडी दिसायला खेळण्यासारखी; आईबापांनी मुलांच्या हाती दिली. अपघातांची संख्या वाढत गेली, त्यांत मुलंही दगावली. अखेर ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार १९८८ साली कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. ‘उभी राहते म्हणजे पडत नाही’ हा भ्रम तिथे फुटला.

याच सुमारास युरोपात दुसरं काम चालू होतं. बॉश कंपनीत अँटोन व्हॅन झँटेन आणि त्यांचे सहकारी मर्सिडीजच्या अभियंत्यांबरोबर मोटारीसाठी तोल-नियंत्रण तयार करत होते. १९९५ साली ते मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आलं. त्याचं तत्त्व सोपं आहे. चालकानं स्टिअरिंग किती वळवलं हे एक उपकरण मोजतं. गाडी प्रत्यक्षात किती वळली हे दुसरं मोजतं. दोन्हींत फरक पडला, तर यंत्रणा नेमक्या एका चाकाचा ब्रेक क्षणभर दाबते, गरज पडल्यास इंजिनाचा जोरही कमी करते आणि गाडी चालकाच्या मनातल्या वाटेवर आणते. महागड्या गाडीतली ही चैन साध्या गाडीत आली ती एका फजितीमुळे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मासिकानं मर्सिडीजच्या नव्या, छोट्या ए-क्लास गाडीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक सांबराएवढं जनावर आडवं आलं तर काय, अशी ती चाचणी. गाडी उलटली. कंपनीनं गाड्या देणं काही काळ थांबवलं, गाडीत सुधारणा केल्या आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये तोल-नियंत्रण बसवलं.

आता कॅनडात येऊ. क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावी बॉम्बार्डिये रिक्रिएशनल प्रॉडक्ट्स ही कंपनी आहे. बर्फावरच्या स्की-डू गाड्या हे तिचं मूळ काम. २००७ च्या फेब्रुवारीत तिनं ‘कॅन-ॲम स्पायडर’ बाजारात आणली. पुढे दोन चाकं, मागे एक, बसायला घोड्यासारखी बैठक, हातात हँडल, खाली ९९८ सीसीचं इंजिन. आणि बॉशच्या मदतीनं तयार केलेलं तोल-नियंत्रण, जे बंद करायची सोय स्वाराला दिलेली नव्हती. वाद पेटला तो इथे.

एक पक्ष जुन्या मोटारसायकलस्वारांचा. त्यांचं म्हणणं, मोटारसायकल म्हणजे स्वारी. आणि लगाम दुसऱ्याच्या हाती असेल तर ती स्वारी कसली? वळणावर जरा जोर लावावा, तर इंजिन मध्येच मरगळतं. मागचं चाक घसरवत वळण घेण्याचा आनंद मिळत नाही. त्यांची आणखी एक तक्रार विचार करण्याजोगी आहे: भरवसा वाढला की माणूस जास्त धाडस करतो. यंत्रणा ब्रेक दाबेल, पण टायर आणि रस्ता यांच्यातली पकड ती वाढवू शकत नाही. वेग हद्दीबाहेर गेला, तर तिचेही हात टेकतात.

दुसरा पक्ष वेगळ्या माणसांचा. गुडघ्यांनी साथ सोडलेले, जड दुचाकी आता पेलत नाही असे; एखादा हात वा पाय अधू असलेले; आणि आयुष्यात पहिल्यांदाच हँडल धरणारे. यांच्यासाठी तिसरं चाक म्हणजे रस्त्यावर परत येण्याची, किंवा पहिल्यांदा येण्याची वाट. ते म्हणतात, आम्हाला घसरायची हौस नाही. आम्हाला संध्याकाळी घरी जायचं आहे.

दोन्हीकडे खरेपणा आहे. पण वादात एक गोष्ट बरेचदा सुटते. दुचाकीवर वळताना स्वार गाडीसकट आत झुकतो. डावीकडे वळायचं तर क्षणभर डावी मूठ पुढे ढकलतो. किती झुकलो हे त्याच्या अंगाला कळतं, भीतीही अंगातच उठते आणि वेळेवर उठते. स्पायडर झुकत नाही. तिचं हँडल जिकडे जायचं तिकडेच वळवावं लागतं आणि अंग बाहेर फेकलं जातं. वीस वर्षं दुचाकी चालवून कमावलेलं कसब इथे थोडं अडचणीचंच ठरतं. दुचाकी झुकण्यातून सतत सांगत असते, की हद्द जवळ आली. झुकण्याची ही भाषा तीनचाकीला नाही. आतलं चाक उचललं जाईपर्यंत ती बरीचशी गप्प राहते. म्हणजे तोल-नियंत्रणानं स्वाराचं कसब हिरावलं असं म्हणण्यापेक्षा, ती सूचना तिसऱ्या चाकानं आधीच हिरावली होती आणि यंत्रणा तिची भरपाई करते, असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

यात सर्वांत गमतीची, आणि गंभीरही, बाजू कायद्याची आहे. अमेरिकेनं २००७ साली नियम केला आणि सप्टेंबर २०११ पासून तयार होणाऱ्या सर्व हलक्या मोटारींना तोल-नियंत्रण सक्तीचं केलं. पण तिथल्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत तीनचाकी ही मोटारसायकल ठरते. मोटारसायकलींना हा नियम नाही, म्हणून तीनचाकी सुटली. आणि परवान्याचं काय? कॅलिफोर्नियासारख्या राज्यात हीच गाडी मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते. सक्तीच्या वेळी ती मोटारसायकल आणि शिक्षणाच्या वेळी मोटार! दोन्ही सवलती एकाच गाडीला मिळाल्या, दोन्ही बंधनांतून ती निसटली. स्पायडरमध्ये तोल-नियंत्रण आलं ते कंपनीनं ठरवलं म्हणून.

कंपन्यांनी मग आपापल्या वाटा शोधल्या. मॉर्गननं २०११ साली आपली जुनी तीनचाकी नव्यानं काढली, ती तोल-नियंत्रणाशिवाय. जुन्या चवीच्या गिऱ्हाइकाला ते हवंच होतं. पोलारिसनं २०१४ साली ‘स्लिंगशॉट’ आणली, ती तोल-नियंत्रणासह. तिसरी वाट इटलीच्या पियाजिओची. १९४८ सालापासून ‘आपे’ ही तीनचाकी काढणारी आणि आपल्या बारामतीला कारखाना असलेली हीच ती कंपनी. तिनं २००६ साली पुढची दोन्ही चाकं स्वाराबरोबर झुकतील अशी ‘एमपी-३’ स्कूटर काढली. झुकण्याची हरवलेली भाषा तिनं लोखंडातूनच परत दिली. आणि खुद्द स्पायडरच्या कंपनीनं २०१८ साली ‘रायकर’ ही हलकी गाडी आणली; तिच्या रॅली आवृत्तीत मागचं चाक मर्यादेत घसरू देणारी सोय ठेवली. लगाम सोडला नाही, जरा सैल केला.

मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. मोकळ्या मातीवर खेळणाऱ्या जाणकाराला लगाम सैल करता यावा. पण मोटारीच्या परवान्यावर पहिल्यांदाच हँडल धरणाऱ्याच्या गाडीत तोल-नियंत्रण असलंच पाहिजे, आणि ते कंपनीच्या मर्जीवर नको, कायद्यानं हवं. ते नको असेल, तर कायद्यानं त्या माणसाला आधी तीनचाकी शिकायला लावावं. दोन्हींपैकी एक तरी व्हायला हवं. स्वारांनी आपसात कितीही वाद घालावा, त्यानं जाण वाढते. पण या वादाचा निकाल आज नवख्या स्वाराच्या पहिल्याच अवघड वळणावर लागतो, आणि त्या वेळी वाद घालायला सवड नसते.