‘आपल्या रक्ताला काय होत नाय’

सातारा-सांगलीत बातम्या करताना हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. आज त्याचा हिशेबच मांडतो.

१९९६ साली शास्त्रज्ञांना सीसीआर५ जनुकात एक बदल सापडला. त्यातली ३२ अक्षरं गळालेली असतात. आई आणि बाप दोघांकडून हा बदल आला, तर एचआयव्ही पेशीत शिरतो ते नेहमीचं दारच तयार होत नाही.

हा बदल लोकांत किती, हे मोजता येतं. १०० माणसांच्या रक्तात या जनुकाच्या २०० प्रती मिळतात. पीसीआर केलं की बदललेली प्रत आखूड दिसते, ती मोजायची. उत्तर युरोपात १०० प्रतींत साधारण १० बदललेल्या निघतात, म्हणजे शंभरात एका माणसाला जवळजवळ पुरं संरक्षण. भारतात हा बदल फार दुर्मीळ. आपल्याकडे १०० प्रतींत एक धरली, तरी असा माणूस दहा हजारांत एक!

मग आपल्याला कुणी तारलं? सांगलीच्या गोकुळनगरात १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेसोबत तिथल्या बायकांनीच घरोघर कंडोम पोचवले. १९९६ लाच त्यांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. २००४ पासून सरकारी दवाखान्यात मोफत एआरटी गोळ्या आल्या.

ज्या बायकांना गावानं नावं ठेवली, त्यांचे उपकार गावावर आहेत. रक्ताचा तोरा सोडा, तपासणी करून घ्या.