चार तत्त्वांचा डाव

किमया हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका असल्याची शंकाही कुणाला येत नाही. गवंड्याने पडक्या वाड्याला रूप आणले, सुगरणीने शिळ्या भाकरीचा चविष्ट कुस्करा केला, की आपण म्हणतो, काय किमया केली! शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो दख्खनेत आला आणि इथलाच झाला. तोच शब्द ‘अल’ हे अरबी उपपद घेऊन युरोपात गेला व तिकडे अल्केमी झाला. पुढे ‘अल’ गळाले आणि केमिस्ट्री उरली. म्हणजे आमच्या शाळेतील रसायनाच्या तासाचे इंग्रजी नाव आणि आजीच्या तोंडची किमया ही एकाच घरची भावंडे आहेत.

हे आज आठवण्याचे कारण असे की, तिसऱ्याच वाटेने ही किमया आमच्या जालन्याच्या घराघरांत शिरली आहे, आणि ती मोबाइलवरून. ‘लिटल अल्केमी’ नावाचा खेळ पोलंडच्या याकुब कोझिओल यांनी २०१० साली केला. त्याच वर्षी रशियातील जॉयबिट्स या मंडळींचा ‘डूडल गॉड’ निघाला. दोहोंची रीत एकच. आरंभी खेळणाऱ्याच्या हाती चार तत्त्वे असतात: अग्नी, जल, पृथ्वी आणि वायू. एकावर दुसरे नेऊन ठेवायचे. जोडी जमली की नवी वस्तू निघते. पाणी व माती यांचा चिखल, वायू व पाण्याचा पाऊस, पावसाने मातीतून रोप. रोप आणि चिखल मिळून दलदल, वायू व अग्नीपासून ऊर्जा, आणि दलदलीला ऊर्जा लागली की जीव! ‘लिटल अल्केमी’च्या दुसऱ्या भागात अशा ७२० वस्तू आहेत. मारामारी नाही, घड्याळाचा धाक नाही. माझ्या वर्गातील मुलांना हा खेळ आवडतो, आणि खरे सांगायचे तर मलाही आवडला. मात्र आपल्या पंचमहाभूतांपैकी आकाशाला त्यात मूळचे स्थान नाही. तिथे आकाश हे वायू आणि ढग यांच्यापासून तयार करावे लागते. आमच्या एका विद्यार्थ्याने यावर निषेध नोंदवला आहे.

हा खेळ देवाधर्माच्या अंगाने पाहावा असे मला आपण होऊन सुचले नसते. ते सुचवले आमच्या गल्लीतील एका ख्रिस्ती आजींनी. नातवाच्या मोबाइलवर ‘डूडल गॉड’ हे नाव पाहून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, ह्या खेळात म्हणे पोरगंच देव होतं. आमच्या घरात हे चालू द्यावं का, तुम्ही सांगा.” सुशिक्षित माणसाला हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा मोह होईल. जालन्याचा इतिहास ठाऊक असलेल्याला तो होणार नाही.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून तर मोठे रण माजले. पोर अज्ञान, म्हणून वडील कोर्टात गेले. कोर्टाने मुलाला वडिलांच्या हवाली केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन पंक्तीला घ्यावे की नाही, यावर शास्त्रीमंडळींत वाद जुंपला. घ्यावे म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते आणि त्यापायी त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. एकाच घरातला एक भाऊ इकडे, एक तिकडे! हेच नारायणराव पुढे १८६० च्या दशकात मिशनरी म्हणून जालन्यास आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याजवळ ख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसवले. त्या कुटुंबांत मातंग समाजातील पुष्कळ होती. गावाला त्यांनी नाव दिले बेथेल, म्हणजे देवाचे घर. १८७३ साली न्यू यॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत हे पागोटेवाले गृहस्थ भाषण करून आले, तेव्हा जालन्याचे नाव अटलांटिकपार गेले. ज्या घराच्या पूर्वजांनी श्रद्धेपायी गोत तोडले, त्या घरच्या म्हातारीने ‘देव’ या शब्दाविषयी जागरूक असावे, यात नवल ते काय?

म्हणून मी तिच्याच शास्त्राच्या आधाराने खेळ तपासला. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि होते. प्रकाश होवो म्हटले, प्रकाश झाला. तिथे कुठलीही जोडणी नाही, आधी हाती आलेला कच्चा माल नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्री त्याला शून्यातून सृष्टी म्हणतात. आणि खेळ? तो सुरूच होतो चार तत्त्वे आयती हातात घेऊन! ती कुठून आली हे खेळ विचारीत नाही आणि सांगतही नाही. तेव्हा नाव मोठे आणि काम लहान, अशातला हा प्रकार आहे. खेळणारा देव होत नाही. फार तर देवाच्या स्वयंपाकघरातला हरकाम्या होतो. चार तत्त्वांची कल्पना ख्रिस्तापूर्वी पाचव्या शतकातील सिसिली बेटावरच्या एम्पेडोक्लीस या ग्रीक तत्त्वज्ञाची. प्रेमाने तत्त्वे जुळतात, कलहाने फुटतात, असे तो म्हणे. खेळाचे कुळ ते.

किमयेशी चर्चचे भांडण झालेच नाही असे नाही. १३१७ साली बाविसावे पोप जॉन यांनी किमयागारांविरुद्ध फर्मान काढले. परंतु ते वाचले तर मौज वाटते. माणूस देवाची बरोबरी करतो, अशी ती मुख्य तक्रार नव्हती. हे लोक जे देऊ शकत नाहीत त्याचे वचन देतात आणि खोटे सोने खरे म्हणून खपवतात, हा राग होता. दोनशे वर्षांनी मार्टिन ल्यूथरने तर किमयेची स्तुतीच केली. भट्टीत गाळ वेगळा होऊन सत्त्व वर येते, यात त्याला मृतांच्या पुनरुत्थानाचे रूपक दिसले. १६६१ साली चार तत्त्वांच्या मतावर घाव घालणारा रॉबर्ट बॉइल हाही पक्का श्रद्धावान. चार तत्त्वे गेली, त्यांच्या जागी शंभरावर मूलद्रव्ये आली, आणि उपासना आपल्या जागी राहिली.

खेळात देव येणे ही आपल्या मुलखाला तर अगदीच परिचित गोष्ट. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याची १२० गोल पाने असतात. दहा अवतारांची दहा रंगपाने, प्रत्येकाची बारा. मत्स्यावर वामन पडतो, रामावर कृष्ण, आणि देवाचा अपमान झाला असे कुणी म्हणत नाही. मोक्षपटाचेही तसेच. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांना देते. कागदोपत्री पुरावे मात्र त्या मानाने अलीकडचे आहेत. शिड्या पुण्याच्या, साप पापाचे, वर वैकुंठ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पट इंग्लंडात गेला. तिथे वैकुंठ जाऊन काटकसर, उद्योग असले व्हिक्टोरियन सद्गुण आले. पुढे तेही गेले आणि नुसते साप व शिड्या उरल्या. त्याच रूपात तो आपल्याकडे परत आला आणि मुलांच्या पाटीएवढ्या पुठ्ठ्यावर बसला. खेळ प्रवासाला निघाला की धर्म वाटेत उतरवून ठेवतो, असे दिसते. शिडीवरून आठवले. बेथेल हे नाव ‘उत्पत्ती’च्या अठ्ठाविसाव्या अध्यायातले. याकोब उशाशी धोंडा घेऊन निजला असता त्याला पृथ्वीपासून स्वर्गाला लागलेली शिडी दिसली, त्या ठिकाणाला त्याने हे नाव दिले.

आणि जोडणीचे म्हणाल, तर जालन्याने ती पाप मानली असती तर गावच उठले असते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको काढली; एका वाणाचा पराग दुसऱ्यावर घालून संकरित बियाणे केले आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. भंगार लोखंड वितळवून सळया ओढणाऱ्या आमच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या असतात. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

आजींना मी हे सारे सांगितले. मात्र दोन हरकती त्यांच्या बाजूने नोंदवल्या. ‘डूडल गॉड’मध्ये पुढे पुढे प्रेते, रक्तपिपासू भुते असले पदार्थ निघतात, सहा-सात वर्षांच्या पोराच्या हाती ते देऊ नये. दुसरी हरकत पोप जॉनचीच. असे खेळ फुकट म्हणून घरात येतात, मग मध्येच जाहिराती उगवतात, आणि अडलेल्या पोराला पैसे भरून इशारा विकत घ्या म्हणतात. खोटे सोने खपवण्याचा धंदा सातशे वर्षांत फारसा बदललेला नाही. आमच्या शाळेतील एका मुलाने बापाच्या मोबाइलमधून असे इशारे घेता घेता आठवड्याच्या भाजीचे पैसे उडवले होते.

आजींनी निवाडा दिला तो असा: ‘डूडल गॉड’ मोबाइलमधून काढायचा, ‘लिटल अल्केमी’ ठेवायची, रविवारी उपासनेहून आल्यावर, मोबाइल चटईवर मधोमध ठेवून सगळ्यांनी मिळून खेळायचे, इशारा विकत घ्यायचा नाही. पहिल्याच रविवारी मलाही बोलावणे आले. नातवंडे जीवापर्यंत पोचून अडली होती. जीव आणि पाणी, जीव आणि दगड, जीव आणि पाऊस असे चालले होते, पण माणूस काही निघेना. आजी भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. त्यांनी मानही वर न करता सांगितले, “मातीवर जीव ठेव रे. दुसरा अध्याय, सातवी ओवी.” पोराने ठेवला. माणूस निघाला.