'स्ट्रीट फायटर'मधला धालसिम कोण? त्याच्या मूव्ह्ज काय?

विद्युत जामवाल हॉलिवूडच्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये धालसिम साकारतोय, हे कळल्यावर अनेकांचा प्रश्न होता, हा कोण? चित्रपट ऑक्टोबर २०२६ साठी जाहीर झालाय. धालसिम मात्र १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' या गेमपासूनचा. जपानच्या कॅपकॉम कंपनीने घडवलेला भारतीय योगी.

त्याची खरी गंमत हातापायांत आहे. ते रबरासारखे लांबतात, त्यामुळे समोरचा जवळ यायच्या आतच त्याला फटका बसतो. 'योगा फायर' म्हणजे तोंडातून सुटणारा आगीचा गोळा. 'योगा फ्लेम' ही जवळ आलेल्यासाठीची ज्वाळा. 'योगा टेलिपोर्ट'ने तो गायब होऊन दुसरीकडे उगवतो. पण लांबलेला हात परत यायला वेळ लागतो आणि त्या हातालाही मार बसतो, म्हणून नवशिक्यांना तो जड जातो. २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये 'मॉडर्न' कंट्रोल निवडले की खास मूव्ह्ज सोप्या होतात. तिथूनच सुरुवात करा.

गळ्यात कवट्या, मागे हत्ती. भारत म्हटलं की एवढंच, हे खटकतंच. पण गेमच्या कथेत त्या कवट्या गावात साथीने गेलेल्या मुलांच्या आहेत आणि तो लढतो गरीब गावासाठी पैसे उभे करायला. आणि त्याच्या मुलाचं नाव माहितीये? दत्ता!