मोटार-कागद संग्रह

जुन्या मोटारी, जीप, स्कूटर व ट्रॅक्टर यांच्याविषयी छापलेला मजकूर जमवणे, त्याचा काळ ठरवणे आणि त्याच्या नकला इतरांना देणे असा छंद. मासिकांतले लेख व जाहिराती, शोरूममध्ये फुकट मिळणारी माहितीपत्रके, दरपत्रके, मालकाला गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका, वर्कशॉप मॅन्युअल आणि सुट्या भागांचा कॅटलॉग हे या संग्रहाचे मुख्य घटक. संग्राहक या साऱ्याला ‘लिटरेचर’ म्हणतात, मेकॅनिक नुसते ‘बुक’. या छंदाला गाडी असावीच लागते असे नाही. चांगले संग्रह करणाऱ्यांत अनेकदा गाडी घेणे न परवडलेलाच माणूस जास्त चिकाटीचा निघतो.

या कागदांचे आयुष्य मुळात थोडे. माहितीपत्रक गिऱ्हाइकाने गाडी घेईपर्यंत जपायचे आणि मग रद्दीत द्यायचे, हीच रीत होती. मॅन्युअल गॅरेजात राहते, ग्रीसने काळे होते आणि गाडी भंगारात गेली की तिच्यामागे जाते. सुट्या भागांचा कॅटलॉग त्या मानाने टिकतो, कारण दुकानदाराला भागाचा नंबर पाहायला तो रोज लागतो. त्यात गिअरबॉक्स किंवा कार्ब्युरेटर एकेक भाग सुटा करून, ज्या क्रमाने बसतो त्याच क्रमाने आडव्या रेषेत मांडून दाखवलेला असतो. जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्याला शंभर गुळगुळीत जाहिरातींपेक्षा असे एक चित्र जास्त उपयोगी पडते. कोऱ्या करकरीत प्रतीला बाजारात भाव जास्त मिळतो हे खरे. पण ज्या प्रतीत मेकॅनिकने पेन्सिलीने ‘हा वॉशर अ‍ॅम्बॅसडरचा चालतो’ असे समासात लिहून ठेवले आहे, ती जाणकाराच्या लेखी अधिक मोलाची ठरावी.

परदेशांत या छंदाला दीर्घ परंपरा आहे. इंग्लंडमधील ‘ऑटोकार’ हे नियतकालिक १८९५ पासूनचे. अमेरिकेत फ्लॉइड क्लायमर याने १९४४ पासून जुन्या जाहिराती व लेखांची कात्रणे पुस्तकरूपाने छापायला सुरुवात केली, आणि लोक ती गाडीच्या आठवणीसाठी विकत घेऊ लागले. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स बुक्स या प्रकाशनाने एकेका गाडीवर निरनिराळ्या मासिकांत आलेल्या चाचणी-अहवालांचे संच काढले. डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया येथील सार्वजनिक ग्रंथालयांत मोटारविषयक कागदांचे स्वतंत्र विभाग आहेत. भारतात हरियाणातील तावडू येथे २०१३ मध्ये उघडलेल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये गाड्यांबरोबर वाहतुकीविषयीचे छापील साहित्यही ठेवलेले आहे.

महाराष्ट्रातील मोटार-कागदांचा इतिहास मुंबईच्या कारखान्यांशी बांधलेला आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डनेही मुंबईत जुळणी केली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी हाती घेतली. जुळणीच्या काळात कागदही बहुधा गाडीसारखाच आगबोटीने यायचा. पत्रक विलायतेत किंवा अमेरिकेत छापलेले, शेवटच्या पानावर मोकळी चौकट, आणि त्या चौकटीत इथल्या एजंटाचा रबरी शिक्का. संग्राहकाला खरी ओढ असते ती या शिक्क्याची. पत्रकाच्या प्रती जगभर असतात, पण पुण्याच्या किंवा हैदराबादच्या एजंटाचा शिक्का असलेली प्रत कोण जाणे कुठे असेल.

१९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण बदलले. ज्यांचा भारतात प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नाही, त्यांना इथे थारा राहिला नाही. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. रस्त्यावर मुख्यत्वे फिएट, हिंदुस्थान आणि स्टँडर्ड या तीन घराण्यांच्या गाड्या राहिल्या. पुढे किमतींवर सरकारी नियंत्रण आले, नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबण्याची पद्धत रूढ झाली, आणि कागदावर त्याचा परिणाम लगेच दिसला. माल रांगेत उभ्या असलेल्या माणसालाच विकायचा असेल तर रंगीत पत्रक कशासाठी छापायचे? म्हणून १९६० व ७० च्या दशकांतली देशी माहितीपत्रके बहुधा चार पानी, दोन रंगी, साध्या कागदावरची असतात. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पत्रके पुन्हा गुळगुळीत झाली. सर्वसामान्य समज असा की कागद जितका जुना तितका दुर्मीळ. इथे तो लागू पडत नाही. १९३० च्या शेव्हरलेचे पत्रक परदेशातून मागवता येते. १९७५ च्या ‘प्रीमियर पद्मिनी’चे पत्रक शोधायचे तर शेजारच्या आजोबांचे कपाटच उघडावे लागते.

काळ कसा ठरवावा : बहुतेक पत्रकांवर वर्ष छापलेले नसते. तेव्हा आधी तळाची बारीक अक्षरे पाहावीत. मुद्रकाच्या नावापाशी आकडे व तिरक्या रेघा यांची एक खूण असते. इंग्रजी रिवाजाप्रमाणे तीत प्रतींची संख्या हजारांत, शिवाय महिना आणि वर्ष दिलेले असते. ही खूण नसेल तर पत्ता वाचावा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे ‘मुंबई १’ एवढाच पत्ता असलेले पत्रक बहुधा त्याआधीचे आणि पिनकोड असलेले नक्कीच नंतरचे. किंमत आणे-पै मध्ये असेल तर १ एप्रिल १९५७ पूर्वीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ यांमधली. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख १९६० च्या पुढे नेता येत नाही. वेग मैलांत की किलोमीटरमध्ये यावरूनही अंदाज बांधता येतो, मात्र त्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण छापखाने जुने ठसे बरेच दिवस वापरत.

गाडीचे नाव हा सर्वांत सोपा पुरावा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या फिएटचेच घ्या. १९५० च्या दशकातील गोलमटोल ११०० ला मराठी माणसाने ‘डुक्कर फिएट’ म्हटले. कारखान्याच्या कागदांवर अर्थात हे नाव कधी आले नाही. १९६४ पासून ‘११०० डिलाइट’, मग फिएटचा परवाना संपल्यावर ‘प्रीमियर प्रेसिडेंट’, आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. पत्रा जवळपास तोच, १०८९ घनसेंटीमीटरचे इंजिनही तेच, पण पत्रकावरचे नाव सांगते की आपण कोणत्या काळात आहोत. अ‍ॅम्बॅसडरच्या बाबतीत नाव उपयोगी पडत नाही, कारण ते २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत एकच राहिले. तिथे पुढची जाळी आणि ‘मार्क’चा आकडा पाहावा लागतो.

मराठी नियतकालिके : मोटारीची मराठी जाहिरात शोधणाऱ्याने दिवाळी अंकांकडे वळावे. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा, तेव्हापासून दिवाळी अंकाचे अर्थकारण जाहिरातींवरच उभे आहे. ‘किर्लोस्कर’ मासिकाची कथा तर या विषयाला फारच जवळची. १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने ते सुरू केले ते कारखान्याचे वार्तापत्र म्हणून. नांगर व यंत्रे विकणाऱ्या कारखान्याचा कागद पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाणारे मासिक झाला, आणि म्हणूनच ग्रंथालयांनी तो जपला.

जपताना मात्र एक घोटाळा झाला. मासिकांचे वार्षिक खंड बांधताना जाडी कमी करण्यासाठी बाइंडर मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकीत. साहित्याच्या अभ्यासकाचे त्यात काही बिघडले नाही. मोटारीच्या अभ्यासकाचे सगळेच गेले. त्यामुळे ग्रंथालयातील देखण्या बांधीव खंडापेक्षा रद्दीतला सुटा, मुखपृष्ठासकट असलेला अंक या संग्रहात वरचढ ठरतो. मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूला टायर, बॅटरी किंवा पेट्रोल कंपनीची पानभर जाहिरात असण्याची शक्यता जास्त, हेही लक्षात ठेवावे.

मराठवाडा व हिंगोली : नमुन्यादाखल मराठवाड्यातील हिंगोली घ्या. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा; हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ व सेनगाव हे त्याचे तालुके. या भागाचे मोटार-कागद तीन राजवटींचे आहेत. निजामाच्या काळात मोठ्या गाड्यांचे मालक व एजंट हैदराबादेत. सातव्या निजामाच्या ताब्यात आलेली १९१२ ची पिवळी रोल्स रॉइस चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली आहे आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांना तोटा नाही. सामान्य माणसाची मोटार म्हणजे बस. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६१ मध्ये इथली बससेवा राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. वेळापत्रक, तिकीट, भाड्याचा तक्ता यांच्या मथळ्यावर ही नावे बदलत गेलेली दिसतात. निजामकाळच्या कागदावर भाषा उर्दू आहे का आणि किंमत निजामाच्या हाली सिक्क्यात की ब्रिटिश कलदार रुपयांत, हे पाहिले की तो कोणत्या बाजूचा ते समजते.

कारची माहितीपत्रके इथे थोडीच मिळायची, कारण कारच थोड्या होत्या. या जिल्ह्याची खरी मोटार-परंपरा जीप, टेंपो आणि ट्रॅक्टर यांची. पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी व सिद्धेश्वर धरणांचे पाणी, वसमतची हळद आणि तिथला पूर्णा सहकारी साखर कारखाना यांच्या टापूत ट्रॅक्टर हे घरातले सर्वांत महाग यंत्र ठरले. त्याची पत्रके गावोगाव वाटली गेली, आणि कारच्या पत्रकांपेक्षा ती मराठीत असण्याचा संभव अधिक, कारण गिऱ्हाईक शेतकरी होता. १९५९ मध्ये फरिदाबादला तयार झालेला आयशर, त्यानंतर मॅसी फर्ग्युसन, महिंद्रांच्या कारखान्यातील इंटरनॅशनल बी-२७५ आणि एचएमटीचा झेटर ही त्यांतली ठळक नावे. संग्राहकांनी ट्रॅक्टरकडे अजून नाक मुरडलेलेच आहे. हा त्यांचा करंटेपणा आहे, असे स्पष्ट नोंदवायला हरकत नाही.

मिळण्याची ठिकाणे व जतन : पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार ही नावाजलेली ठिकाणे. लहान गावात बंद पडलेले गॅरेज, पेट्रोल पंपाची कचेरी, सुट्या भागांच्या दुकानाचा पोटमाळा आणि रद्दीवाल्याचा तराजू इथे चौकशी करावी. रद्दीवाला किलोवर देतो. मात्र एकदा तुम्ही अधाशासारखे पाहिले की तोही पानावर भाव सांगतो.

मिळालेल्या कागदाचे शत्रू ठरलेले आहेत : वाळवी, कसर, दमट भिंत आणि ऊन. पहिले काम म्हणजे गंजलेल्या पिना हळूच काढणे. सेलोटेप कधीही लावू नये; काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन करणे म्हणजे कागद कायमचा बिघडवणे, कारण ते परत सोडवता येत नाही. पत्रके आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, आडवी, लोखंडी कपाटात आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावीत.

देवाणघेवाण : पूर्वी संग्राहक झेरॉक्स काढून टपालाने पाठवीत, आता स्कॅन करून पाठवतात. मूळ कागद हातचा सोडू नये, नक्कल मात्र मागेल त्याला द्यावी, ही या मंडळींतली चांगली रीत. छापील चित्र बारीक ठिपक्यांचे असते आणि स्कॅनरही चित्र ठिपक्यांतच टिपतो. दोन्हींची गाठ पडली की चित्रावर जाळी उमटते. ती टाळण्यासाठी इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाव्याने स्कॅन करून मग चित्र लहान करावे. मागचे पान कोरे असले तरी स्कॅन करावे, कारण शिक्का बहुधा तिथेच असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचे नाव नसलेल्या मजकुराचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतात. नावानिशी छापलेल्या लेखाचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. अलीकडचा अख्खा लेख परवानगीशिवाय छापून वाटणे त्यात बसत नाही.

उपयोग : जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुने आणि मूळ रूपात असलेले वाहन ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाखाली नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते. मूळ रूप म्हणजे कोणते, हा प्रश्न आला की जुने पत्रकच साक्षीला येते : दिवा कसा होता, गादीचा रंग काय होता, बंपर एकपदरी की दुपदरी. काही गाड्या तर कागदावरच उरतात. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवली. ती बाजारात आली नाही, त्यामुळे आज तिची ओळख होते ती मुख्यतः छायाचित्रांतून व वर्तमानपत्री कात्रणांतून.

घरातली जुनी फाइल रद्दीत देण्याआधी गाडीचे, जीपचे किंवा ट्रॅक्टरचे कागद बाजूला काढावेत, आणि ते कुणी, कुठल्या गावी, कोणत्या साली घेतले होते हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्यांच्यासोबत ठेवावे.